बांध घालण्यापूर्वी माती वाचावी
(वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यासाठी आम्ही निवडलेला विषय काहीसा आडवळणाचा वाटण्याचा संभव आहे. पुराचे पाणी शेतात आणि वस्तीत शिरू नये म्हणून नदीच्या काठाने मातीचा लांबच लांब बांध घालतात. या देशात त्याला लेव्ही म्हणतात. आपण त्यास पूरबांध म्हणू. हा बांध घालण्यापूर्वी ज्या जमिनीवर तो उभा राहणार, तिच्या पोटात मागील माणसांच्या कोणत्या खुणा आहेत, याची पाहणी करण्याची पद्धत अमेरिकेत कायद्याने रूढ झाली आहे. त्या पाहणीविषयी आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

आपल्यासारख्या समाजाला या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांचा इतिहास ग्रंथांत सापडतो. ज्यांच्या हातून ती हिरावून घेतली गेली, त्यांचा इतिहास चुलीच्या राखेत, फुटक्या खापरांत, विहिरीच्या काठावर आणि मूठमातीच्या जागेत राहतो. ती जागा न पाहता तिच्यावर भराव घातला, तर त्या माणसांची एकुलती एक साक्ष कायमची मिटते. आपण अशाच माणसांचे वंशज आहोत.

नदीने घातलेला बांध

मिसिसिपी नदीचे उदाहरण घेऊ. या नदीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या खालच्या खोऱ्यातील पूरबांधांची एकूण लांबी साडेतीन हजार मैलांहून अधिक आहे. परंतु माणसाने पहिला बांध घालण्याच्या कितीतरी आधी नदीने स्वतःच आपले बांध घातले होते. पूर काठाबाहेर पडला की पाण्याचा वेग एकदम मंदावतो. वाळू आणि जाड गाळ काठालगतच खाली बसतो. बारीक चिकणमाती मात्र दूर वाहत जाऊन सखल दलदलीत स्थिरावते. असे शेकडो वर्षे घडत गेले म्हणजे काठ आजूबाजूच्या भूमीपेक्षा काही फुटांनी उंच होतो. भूशास्त्रज्ञ त्याला नैसर्गिक पूरबांध म्हणतात.

दलदलीच्या प्रदेशात काही फुटांची उंची ही जीवन-मरणाची गोष्ट असते. म्हणून इथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षे याच उंचवट्यावर घरे बांधली, आपले मृत पुरले, पुढील काळात मका पिकवला. पुढे युरोपीय मळेवाले आले, त्यांनीही हीच सुपीक आणि कोरडी पट्टी घेतली. त्यांच्या वाड्यांच्या मागे गुलामांच्या झोपड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. आणि शेवटी अभियंते आले, तेव्हा त्यांनाही बांधासाठी हीच उंच भूमी सोयीची वाटली. पाहणीची गरज येथूनच उत्पन्न होते. ज्या पट्टीवर बांध येतो, ती बहुधा माणसाच्या वस्तीची सर्वांत जुनी पट्टी असते.

आणखी एक बाब सामान्यतः लक्षात येत नाही. बांधाखाली जमीन झाकली जाते, तशीच बांधासाठी माती काढतानाही बरीच जमीन खणली जाते. बांधाखाली गेलेली वस्ती निदान दबलेली तरी राहते. माती उचलण्याच्या खड्ड्यात सापडलेली वस्ती यंत्राच्या एका दिवसाच्या कामात नाहीशी होते. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सचे पूरबांध नव्याने उंचावण्यासाठी कोट्यवधी घनयार्ड चिकणमाती लागली. तेव्हा खड्ड्यांच्या प्रत्येक जागेची पाहणी हा स्वतंत्र कामाचा भाग झाला.

कायद्यापूर्वीचा काळ

कायदा नव्हता तेव्हा काय घडत असे, हे पाहिल्यावाचून त्याचे मोल कळत नाही.

लुइझियाना राज्यात जोन्सव्हिल नावाच्या गावी ट्रॉयव्हिल या नावाने ओळखले जाणारे मूळ रहिवाशांचे मातीचे भव्य टेकाड होते. त्याची उंची सुमारे ८० फूट होती. १९३१ साली पुलाच्या रस्त्याला भराव हवा म्हणून ते सपाट करण्यात आले. पुरातत्त्वज्ञाने येऊन अभ्यास केला तो उरलेल्या पायाचा.

१९२७ साली मिसिसिपीला महापूर आला. २१ एप्रिल रोजी ग्रीनव्हिल शहराच्या उत्तरेस बांध फुटला. ज्या ठिकाणी तो फुटला त्याचे नावच माउंड लँडिंग, म्हणजे टेकाडाचा धक्का. त्या महापुरात मिसिसिपीच्या खोऱ्यातील सुमारे २७ हजार चौरस मैल भूमी पाण्याखाली गेली. जुन्या लोकांनी रचलेल्या टेकाडांवर अनेक माणसांनी आणि गुराढोरांनी आसरा घेतला. ग्रीनव्हिलच्या बांधावर सुमारे १३ हजार कृष्णवर्णीय निर्वासित तंबूंत राहिले. गोऱ्या स्त्रिया व मुलांना नावेने हलवण्यात आले. कृष्णवर्णीय कष्टकरी एकदा गेले तर मळ्यांत परत येणार नाहीत, या भीतीने त्यांना सशस्त्र पहाऱ्यात थांबवून घेतले गेले आणि कामास जुंपले गेले. या वागणुकीची चौकशी करण्यासाठी टस्कीगी संस्थेचे प्रमुख रॉबर्ट मोटन यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णवर्णीयांची सल्लागार समिती नेमावी लागली. ज्यांच्या वाडवडिलांनी गुलाम म्हणून, कैदी म्हणून आणि तुटपुंज्या मजुरीवर हे बांध रचले, त्यांनाच त्या बांधावर बंदी व्हावे लागले. गावकुसाचे काम करणाऱ्याने गावकुसाबाहेर राहावे, हा न्याय आपणांस अपरिचित नाही.

महापुरानंतर १९२८ साली पूरनियंत्रणाचा मोठा कायदा झाला आणि न्यू ऑर्लिन्सच्या रक्षणासाठी शहराच्या वरच्या अंगास बॉने कारे येथे सांडवा बांधण्यात आला. नदीचे जास्तीचे पाणी सरोवरात सोडण्यासाठी केलेली ही योजना उत्तम होती. १९३७ साली ती प्रथम उपयोगात आली आणि त्यानंतरही अनेकदा तिने शहर वाचवले आहे. परंतु सांडव्यासाठी घेतलेल्या जमिनीत केनर आणि कुगलर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन दफनभूमी होत्या. गुलामगिरीत मेलेले आणि मुक्तीनंतर त्याच मळ्यांवर राबून मेलेले कृष्णवर्णीय लोक तेथे पुरलेले होते. त्या दफनभूमी हलवल्या गेल्या नाहीत. पुराचे पाणी आणि गाळ त्यांच्यावरून जाऊ लागले. १९७५ साली मानवी अवशेष दिसून आले, तेव्हा त्यांची पुन्हा ओळख पटली. पुढे रीतसर अभ्यास झाला आणि १९८७ साली त्यांची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत झाली. त्या मृतांची लेकरे, नातवंडे आसपासच्याच गावांत राहत होती. त्यांना विचारले असते तर जागा लगेच कळली असती. त्यांना कोणी विचारले नाही, एवढेच.

कायदा आणि पाहणी

१५ ऑक्टोबर १९६६ रोजी अमेरिकेत राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायदा झाला. त्याच्या १०६ व्या कलमान्वये, संघशासनाचा पैसा, परवाना किंवा हात असलेल्या कोणत्याही कामापूर्वी त्या कामाचा ऐतिहासिक स्थळांवर काय परिणाम होईल, याचा विचार करणे शासनावर बंधनकारक आहे. १९७४ च्या कायद्याने अशा कामासाठी प्रकल्पखर्चाच्या एक टक्क्यापर्यंत रक्कम वापरण्याची मुभा दिली. १९९० साली मूळ रहिवाशांच्या दफनांविषयी आणि अवशेषांविषयी स्वतंत्र कायदा झाला. संघशासनाच्या किंवा जमातींच्या भूमीवर असे अवशेष अकस्मात सापडले तर तेथील काम तीस दिवस थांबवावे लागते. १९९२ च्या दुरुस्तीने जमातींशी विचारविनिमय करण्याचे बंधन अधिक स्पष्ट झाले.

पाहणी कशी होते, हे थोडक्यात सांगतो. प्रथम कागदपत्रे पाहिली जातात. जुने जमीनमोजणीचे नकाशे, नदी आयोगाचे एकोणिसाव्या शतकातील तक्ते, मळ्यांचे आराखडे, मृदा-नकाशे, विमानातून घेतलेली छायाचित्रे असे सर्व साहित्य तपासले जाते. त्यावरून जुन्या झोपड्या, वाटा, सोडून दिलेले नदीपात्र यांचा अंदाज येतो. नंतर पथक जमिनीवर उतरते. शेत नांगरलेले असेल तर माणसे ठराविक अंतराने रांग धरून चालतात आणि वर आलेली खापरे, दगडी हत्यारे, विटांचे तुकडे टिपतात. गवत वा झाडी असेल तर साधारणतः ३० मीटर अंतरावर फावड्याने लहान चाचणी खड्डे घेतात, माती चाळणीतून गाळतात, तिचा रंग व पोत लिहून ठेवतात आणि खड्डा पुन्हा बुजवतात.

नदीकाठी एवढ्याने भागत नाही. दर पुराने नवा गाळ पडत असल्याने हजार वर्षांपूर्वीची वस्ती कित्येक फूट खाली असू शकते आणि फावडे तेथवर पोचत नाही. म्हणून भूशास्त्रज्ञाच्या मदतीने यंत्राने खोल चर खणतात किंवा नळीने मातीचे उभे नमुने काढतात. गाळाच्या थरांमध्ये एखादा काळसर, मुरलेला थर दिसला की समजावे, येथे कधीकाळी भूमी दीर्घकाळ उघडी होती, तेथे गवत उगवले होते, आणि तेथे माणूस राहिला असण्याचा संभव आहे.

या विद्येची अभियंत्यांशी जुनी मैत्री आहे. १९४० ते १९४७ या काळात फिलिप्स, फोर्ड आणि ग्रिफिन यांनी खालच्या मिसिसिपी खोऱ्याची प्रसिद्ध पाहणी केली. तिच्यात त्यांनी नदी आयोगासाठी हॅरल्ड फिस्क यांनी १९४४ साली तयार केलेल्या जुन्या नदीपात्रांच्या नकाशांचा आधार घेतला. पॉव्हर्टी पॉइंट येथील तीन हजार वर्षांहून अधिक जुनी, अर्धवर्तुळात रचलेली मातीची सहा वरंबे इतकी मोठी आहेत की जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला त्यांचा आकार कळत नसे. लष्करी अभियंता दलाने १९३८ साली विमानातून घेतलेल्या छायाचित्रात १९५३ साली जेम्स फोर्ड यांना तो दिसला. २०१४ साली हे स्थळ जागतिक वारसा म्हणून मान्य झाले. तात्पर्य, बांध घालणारा आणि माती वाचणारा हे एकमेकांचे वैरी नाहीत.

पाहणीत काही सापडले तर तीन मार्ग असतात. बांधाची रेषा किंवा मातीचा खड्डा थोडा बाजूला सरकवणे हा पहिला. इजा न करता स्थळ झाकून सुरक्षित ठेवणे हा दुसरा. दोन्ही अशक्य असल्यास रीतसर उत्खनन करून सर्व नोंद घेणे हा तिसरा.

महत्त्वाचे कोणी ठरवायचे?

या कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो विचार करण्यास भाग पाडतो. जतन करण्यास भाग पाडत नाही. शिवाय सापडलेले स्थळ महत्त्वाचे आहे काय, हा निर्णय मध्ये असतो. भव्य टेकाड किंवा मळेवाल्याचा वाडा यांचे महत्त्व कोणालाही पटते. वाट्याने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या झोपडीतून काय निघते? बटणे, खिळे, औषधाच्या बाटलीची काच, फुटकी बशी. अशा जागेची नोंद ‘अलीकडचा किरकोळ कचरा’ अशी होऊन ती यादीतून सहज सुटू शकते. वास्तविक त्या कुटुंबाने लिहिलेले दुसरे एकही पान जगात नसते.

म्हणून निर्णयाच्या बैठकीत कोण बसले आहे, यास फार महत्त्व आहे. न्यू यॉर्क शहरात १९९१ साली संघशासनाच्या इमारतीसाठी पाया खणताना आफ्रिकी लोकांची जुनी दफनभूमी लागली. प्रारंभी काम पुढे रेटले जात होते. तेथील कृष्णवर्णीय समाज संघटित होऊन उभा राहिला. ४१९ व्यक्तींच्या अवशेषांचा अभ्यास हॉवर्ड विद्यापीठाकडे सोपवला गेला, २००३ साली त्यांचे सन्मानाने पुन्हा दफन झाले आणि २००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. कायदा १९६६ पासून होताच; त्यात प्राण ओतला तो लोकांनी.

बाबासाहेब आणि नद्या

येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्याचा एक कमी बोलला जाणारा भाग आठवतो. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीने बांध फोडून बंगालमध्ये हाहाकार उडवला. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्ता येथे झालेल्या परिषदेत बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेचा पुरस्कार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना, जास्तीचे पाणी हेच संकट मानून ते घालवत बसण्याची जुनी दृष्टी त्यांनी नाकारली आणि पाणी साठवून ते सिंचन, वीज व जलवाहतूक यांसाठी वापरावे, असे प्रतिपादन केले. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले, ते अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचा आदर्श समोर ठेवून.

त्या टेनेसी खोऱ्याची एक गोष्ट आपल्या विषयाशी निगडित आहे. १९३३ साली प्राधिकरण स्थापन झाले आणि लगेच १९३४ च्या जानेवारीत नॉरिस धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या भूमीत उत्खनन सुरू झाले. केंटकी विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक विल्यम वेब यांनी त्याचे नेतृत्व केले आणि मंदीच्या काळातील बेकार मजुरांच्या हातांना त्यातून काम मिळाले. धरणही झाले आणि नोंदही झाली. पुरापासून माणसाचे रक्षण करणे हे करुणेचे काम आहे. त्याला आमचा विरोध असूच शकत नाही. रक्षणाच्या घाईत माणसाचा मागमूस पुसला जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आपल्या मायभूमीतही अशा पाहणीने बौद्ध इतिहास हाती लागला आहे. कृष्णेच्या खोऱ्यातील नागार्जुनकोंडा १९२६ साली उजेडात आले होते. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली ते जाणार हे निश्चित झाल्यावर १९५४ ते १९६० या काळात तेथे विस्तृत उत्खनन झाले आणि काही वास्तू उचलून टेकडीवर पुन्हा रचण्यात आल्या. ती टेकडी आज बेट झाली आहे. गुजरातेत शामळाजीजवळ देवनी मोरी येथे मेश्वो नदीवरील धरणापूर्वी, १९६० ते १९६३ या काळात, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने उत्खनन केले. तेथे स्तूप, विहार आणि तथागतांच्या शरीरधातूंचा उल्लेख असलेला कोरीव करंडक सापडला. ती जागा आता पाण्याखाली आहे. खोदकाम झाले नसते तर करंडकही पाण्याखाली गेला असता आणि तेथे काय होते, हे सांगणारा कोणी उरला नसता. जे दगडात होते त्यातले काही हलवता आले. जे मातीत होते, त्याची केवळ नोंद राहिली. यावरून नोंदीचे मोल ओळखावे.

विदर्भातील आपल्या अनेक कुटुंबांना वैनगंगेकाठची पवनी ठाऊक आहे. तेथील जगन्नाथ टेकडी १९६९-७० साली शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी खणली तेव्हा आत स्तूप निघाला. वरच्या नावावरून आतल्या बुद्धाचा पत्ता लागत नाही. त्यासाठी माती वाचावी लागते.

आपले कर्तव्य

बंधू-भगिनींनो, जुन्या गावगाड्यात शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष घेतली जाई. गावाची सीमा कोठून कोठवर, जुना दगड कोठे, ओढ्याने पात्र कोठे बदलले, हे त्याला ठाऊक असे. मालकी दुसऱ्याची आणि ज्ञान आपल्या पूर्वजांचे, अशी ती विषम व्यवस्था होती. ती व्यवस्था मोडली, हे योग्यच झाले. परंतु भूमीचे ते ज्ञान आपल्या वृद्धांबरोबर मुकाट्याने जाऊ द्यावे काय?

आमची आपणांस तीन नम्र आवाहने आहेत. पहिले असे की, प्रत्येक कुटुंबाने आपल्या मूळ वस्तीचा हाताने काढलेला एक नकाशा तयार करावा. त्यात आपली विहीर, तक्क्या, पहिले बुद्धविहार, मूठमातीची जागा आणि पुराच्या वेळी पाणी कोठवर येई, हे दाखवावे. घरातील आजी-आजोबा सांगतील आणि इथे जन्मलेली मुले लिहितील. उद्या तेथे धरण, रस्ता वा बांध आला, तर दाखवायला एक कागद तरी असेल. भारतीय कायद्याचे संरक्षण मुख्यतः घोषित स्मारकांना मिळते; आपली वस्ती कोणत्याही यादीत नसते.

दुसरे असे की, आपण ज्या नगरात राहतो तेथे असे काम निघाल्यास सार्वजनिक सुनावणीला जावे. १०६ व्या कलमाखालील विचारविनिमयात नागरिकांना मत मांडता येते. तेथील मूळ रहिवासी आणि कृष्णवर्णीय बांधव आपल्या पूर्वजांच्या जागेसाठी उभे राहतील, तेव्हा त्यांच्या शेजारी आपलीही दोन माणसे बसलेली असावीत.

तिसरे आमच्या तरुणांसाठी आहे. आपल्या मुलांत अभियंते आणि डॉक्टर पुष्कळ झाले, याचा अभिमान आहे. एखाद्या मुलीने पुरातत्त्वशास्त्र घ्यायचे म्हटले, तर तिला नाउमेद करू नये. कोणते स्थळ महत्त्वाचे आणि कोणते किरकोळ, हे ठरवणाऱ्या बैठकीत आपल्या घरातून आलेली दृष्टी असणे अगत्याचे आहे.

बांध अवश्य घालावेत, ते भक्कम घालावेत. परंतु पहिली पाटी माती पडण्यापूर्वी खालची माती वाचून घ्यावी. तिच्यात ज्यांची राख मिसळली आहे, त्यांनाही कोणी आपले होते.



जयभीम! जय भारत!